आपल्या गावात चित्रपट महोत्सव भरवायचाय? मग आधी माणसं जमवा

नाशिक जिल्ह्याला सिनेमा नवा नाही. भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९४४ साली नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं. तिकडे मालेगावात यंत्रमागावर राबणाऱ्यांनी गाजलेल्या हिंदी सिनेमांची विडंबनं स्वतःच काढली आणि ती हौसेनं पाहिली, कारण पडद्यावर दिसणारा माणूस गल्लीतलाच असायचा. सिन्नर, येवला, निफाड, सटाण्यासारख्या गावात स्वतंत्र, म्हणजे मोठ्या निर्मात्यांशिवाय काढलेल्या, सिनेमांचा महोत्सव करायचा तर हेच सूत्र धरा. मोठ्या शहरातल्या महोत्सवाची छोटी नक्कल करायला गेलात, तर तुमच्याच मित्रमंडळींपुरती गर्दी होईल.

म्हणून पहिली बैठक फिल्मची यादी घेऊन करू नका. पाच-सात जण जमवा, पण सगळे सिनेमावेडे नकोत. एखाद्या शिक्षिका, बचत गटातल्या ताई, वाचनालयाचे ग्रंथपाल, बाजारपेठेतला एक दुकानदार आणि कॉलेजातली दोन मुलं असू द्या. निवडही हीच मंडळी करतील. नियम एकच, आलेली प्रत्येक फिल्म शेवटपर्यंत बघायची. दहाव्या मिनिटाला 'कळली' म्हणून बंद करणाऱ्याला निवड समितीत ठेवू नये.

तारीख ठरवताना कॅलेंडरआधी शेताकडे बघा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची छाटणी किंवा काढणी जोरात असेल, तर कोणी फिरकणार नाही. येवल्यात संक्रांतीला सगळं गाव पतंगासाठी गच्चीवर असतं, त्या दिवसांत पडदा लावायच्या भानगडीत पडू नका. उघड्यावर दाखवणार असाल तर डिसेंबर बरा: पाऊस नसतो आणि सहा-साडेसहाला अंधार पडतो. थंडी मात्र असते, तेव्हा पत्रिकेवरच 'शाल, स्वेटर आणा' असं छापा. पहिल्या वर्षी दोन संध्याकाळी पुरेत.

फिल्म मिळवणं त्या मानानं सोपं आहे. फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावर प्रवेशिका मागवता येतात, पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेचे आजी-माजी विद्यार्थी असतात, आणि जिल्ह्यातली मुलं मोबाइलवर काय काय करत असतात ते वेगळंच. यूट्यूबवर दिसली म्हणून फिल्म सरळ लावायची नाही. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून तारीख, जागा आणि किती खेळ हे लिहून ईमेलनं परवानगी घ्या. शक्य असेल तर थोडं मानधन द्या. निम्मा कार्यक्रम तरी मराठी, अहिराणी किंवा आपल्या भागातल्या विषयांचा असू द्या.

सबटायटलकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. मल्याळम किंवा इराणी फिल्मला इंग्रजी सबटायटल असून आजीला काय उपयोग? कॉलेजातल्या मुलांना बसवून, फिल्मकाराला विचारून, मराठी करून घ्या. वाक्यं छोटी, एका वेळी दोनच ओळी. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं दिसतात. काही प्लेअरवर जोडाक्षरं तुटतात, म्हणून ज्या लॅपटॉपवरून दाखवणार त्यावरच आधी तपासा. तरी भरवसा वाटत नसेल तर सबटायटल चित्रातच कायमची उमटवून घ्या.

कागदपत्रांचं कंटाळवाणं काम लवकर उरका. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार सार्वजनिक खेळासाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र नसलेल्या फिल्मसाठी महोत्सवांना केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे सूट मागता येते, पण ती बिगर-व्यावसायिक कार्यक्रमाला आणि आधी नोंदणी केलेल्या प्रेक्षकांसाठी असते. पहिल्या वर्षी जमेल तितक्या प्रमाणित फिल्म घ्या, डोकं शांत राहील. जागेसाठी नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत, भोंग्यासाठी पोलीस ठाणं. रात्री दहाला आवाज बंद व्हायलाच हवा, त्यामुळे साडेनऊला संपेल असा बेत करा.

आता पडदा. घट्ट ताणलेलं, सुरकुती नसलेलं पांढरं कापड चालतं. बारा फूट रुंद पडद्याला उंची पावणेसात फूट लागते. लोक सतरंजीवर बसणार असतील तर खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, म्हणजे पुढच्याचं डोकं आड येत नाही. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) दीड असेल तर तो पडद्यापासून अठरा फुटांवर बसेल. भाड्यानं घेताना हा आकडा विचाराच, नाहीतर ऐन वेळी प्रोजेक्टर चपलांच्या ढिगाऱ्यात ठेवावा लागतो.

पैसे कमी असतील तर चित्रावर वाचवा, आवाजावर नको. थोडं फिकट चित्र लोक चालवून घेतात, संवाद ऐकू आला नाही की उठून जातात. मंडपवाल्याचा साउंड वरातीसाठी लावलेला असतो. त्याला बास उतरवायला सांगा आणि स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा. मंगल कार्यालयात आवाज घुमतो, तिथे भिंतींना जाड पडदे किंवा गोधड्या टांगा. आदल्या दिवशी त्याच वेळी एक फिल्म पूर्ण चालवून बघा आणि मागच्या रांगेत स्वतः बसा. जनरेटर हवाच.

खेळाच्या दिवशी सत्कार, शाल-श्रीफळ, मान्यवरांचं मनोगत या गोष्टींना फाटा द्या. नगराध्यक्ष येणार असतील तर पहिल्या रांगेत बसवा, माइक देऊ नका. (वाईटपणा येईल. तो समितीनं वाटून घ्यावा.) एकूण दीड तासाच्या फिल्म आणि मध्ये गप्पांना अर्धा तास एवढं पुष्कळ झालं. 'कुणाला प्रश्न आहे का?' असं विचारलं की सभा गप्प बसते. त्यापेक्षा 'त्या बाईनं शेवटी घर सोडलं, बरं केलं का?' असं विचारा. बायकांच्या रांगेतून पहिलं उत्तर आलं की पुरुष आपोआप बोलू लागतात.

वर्गणीची पावती प्रत्येकाला द्या आणि आठवड्याच्या आत जमाखर्च वाचनालयाच्या फलकावर लावा. पुढच्या वर्षीची वर्गणी त्यावरच ठरते. फिल्मकारांना प्रेक्षक काय म्हणाले ते सविस्तर लिहून पाठवा. आणि परवानगी ठरलेल्या खेळांपुरतीच होती, तेव्हा पेन ड्राइव्हवरच्या आणि लॅपटॉपवरच्या सगळ्या फाइली पुसून टाका. 'दादा, मला कॉपी दे ना' म्हणत कुणीतरी येण्याआधी.