पेटीच्या गंधारापासून टेम्पर्ड कॉर्डपर्यंत: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

विदर्भातल्या खेड्यात राहून सूक्ष्मस्वरांचा, म्हणजे पेटीच्या बारा सुरांच्या मधल्या बारीक स्वरांचा, सिद्धान्त शिकू पाहणाऱ्याजवळ बहुधा भजनी मंडळाची पेटी, मोबाइलवरचा तानपुरा आणि कधी असणारे, कधी नसणारे नेटवर्क एवढीच सामग्री असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी भजनाला पेटी वाजवत मी हा विषय शिकलो, आणि सुरुवातीला एवढी सामग्री पुरते असे माझे ठाम मत आहे. मात्र ती कोणत्या क्रमाने वापरायची हे कळले पाहिजे.

पहिले काम कानाचे आहे. तानपुऱ्याच्या खरजाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जाशी ५/४ या प्रमाणात असतो, म्हणजे ३८६.३ सेंटवर (सप्तकाचे १२०० सारखे भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट). पेटीचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असल्यामुळे तिचा गंधार ४०० सेंटवर, जवळजवळ १४ सेंट चढा असतो. षड्ज २४० हर्ट्झचा धरला, तर त्याचा पाचवा स्वरांश (त्याच सुरात दडलेला, पाचपट कंपनसंख्येचा सूर) १२०० हर्ट्झवर येतो आणि पेटीच्या गंधाराचा चौथा स्वरांश सुमारे १२०९.५ वर. त्यामुळे दोन्ही पट्ट्या एकत्र दाबून भाता एकसारखा चालवला की सेकंदाला साडेनऊ वेळा होणारी थरथर ऐकू येते. षड्ज-पंचमात हीच थरथर सेकंदाला एकदेखील पुरती होत नाही. पेटी डबल रीडची असेल तर सुरांची दुसरी ओळ बंद करूनच हे ऐकावे, कारण दोन ओळींतला आपसांतला फरकही थरथर निर्माण करतो. जुन्या पेटीचे सूर उतरलेले असल्यास वरचे आकडे तंतोतंत मिळणार नाहीत, पण गंधार आणि पंचम यांच्यातला फरक कळतोच.

हे एकदा ऐकले की बहुतेक जण पेटीला दोष देऊन तिथेच थांबतात. या दोषारोपाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांवर, ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांचे सहकारी, इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी श्रुतींची पेटी करवून घेतली, आणि पुढे १९४० पासून तीन दशके आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. रागगायनाच्या बाजूने ही तक्रार रास्त आहे. पण शुद्ध प्रमाणे तेवढी खरी आणि टेम्परमेंट (स्वर शुद्ध जागेवरून मुद्दाम थोडे सरकवणे) म्हणजे निव्वळ बिघाड, अशी समजूत करून घेतली तर या विषयाचा सर्वांत सुंदर भाग हातचा जातो. काही कॉर्ड (एकत्र वाजवायचे तीन-चार स्वर) अशा आहेत की त्या शुद्ध प्रमाणांत होऊच शकत नाहीत. स्वर थोडे हलवल्यावरच त्या अस्तित्वात येतात.

सा, रे आणि ध हे तीन स्वर घ्या. रे ९/८ वर आणि ध ५/३ वर ठेवला की दोघेही षड्जाशी जुळतात, पण रे ते ध हे अंतर ४०/२७ निघते, आणि ते शुद्ध पंचमापेक्षा २१.५ सेंटने कमी आहे. हा फरक म्हणजेच ८१/८० चा कॉमा, म्हणजे अगदी लहान स्वरांतर. नाट्यशास्त्रकार भरताच्या प्रमाणश्रुतीचे (श्रुती मोजण्याच्या मूळ अंतराचे) मूल्य पुष्कळ अभ्यासक हेच धरतात. दोन अंतरे शुद्ध ठेवाल तर तिसरे बिघडणारच. हा कॉमा शून्य मानून त्याची तूट स्वरांमध्ये वाटून दिली, तर तिन्ही अंतरे कानाला गोड लागतात. अशा कॉर्डला मी टेम्पर्ड कॉर्ड म्हणतो.

दुसरे उदाहरण मला याहून प्रिय आहे. ५/४, पुन्हा ५/४ आणि त्यावर ९/७ अशी तीन अंतरे एकावर एक रचली की प्रमाणांचा गुणाकार २२५/११२ होतो, म्हणजे सप्तक ७.७ सेंटने ओलांडले जाते. तिघा भावांच्या वाटणीत वावराचा धुरा हातभर सरकवून मोजणी जुळवावी, तसे प्रत्येक अंतर सुमारे अडीच सेंट आखडले की कॉर्ड नेमकी सप्तकात बसते. अडीच सेंटचा फेरफार सहसा कानाला खटकत नाही. पेटीवर तीन सारखे गंधार रचून होणारी ऑगमेंटेड कॉर्ड आणि ही कॉर्ड पाठोपाठ ऐका. पहिली तिन्ही बाजूंनी सारखी असते, तर दुसरीत एक बाजू स्पष्ट रुंद लागते.

प्रत्यक्ष ऐकण्यासाठी सप्तकाचे ३१ समान भाग ही सुरुवातीची उत्तम जागा आहे. डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी सतराव्या शतकात या विभागणीचा अभ्यास केला होता. यात ५/४ साठी १० भाग आणि ९/७ साठी ११ भाग येतात, आणि १०, १०, ११ मिळून बरोबर ३१ होतात. वरची सा-रे-ध ही कॉर्डही इथे बसते: रे ५ भागांवर, ध २३ वर, आणि मधले १८ भाग म्हणजे पंचम. किंमतही समजून घ्या. गंधाराची थरथर दोन सेकंदांत जेमतेम एकदा होते, पण पंचम पाच सेंट उतरतो आणि सेकंदाला दोनदा डोलतो. पंचमावर तानपुऱ्याइतकेच प्रेम असलेल्या कानाला हे आधी खुपते. त्याने ५३ भागांची विभागणी पाहावी, तिथे पंचम जवळजवळ शुद्ध आहे, मात्र सा-रे-ध पुन्हा तुटते.

साधनांपैकी स्केल वर्कशॉप ब्राउझरमध्ये चालते आणि त्यात ५/४ अशी प्रमाणे किंवा दशांशचिन्हासह सेंट थेट लिहिता येतात. सर्ज एक्सटी हा मोफत सिंथेसायझर एकदा उतरवून घेतला की नेटवर्क नसतानाही चालतो आणि स्वरपट्टीची फाईल वाचतो, म्हणून गावात लॅपटॉप असणाऱ्याने तोच धरावा. आवाज ऑर्गनसारखा, लांबणारा निवडावा. सतारीसारखा विरणारा आवाज थरथर ऐकू येण्याआधीच संपतो. प्रत्येक कॉर्ड आधी शुद्ध प्रमाणांत, मग टेम्पर्ड अशी ऐकावी आणि कोणत्या दोन स्वरांमध्ये थरथर वाढली वा घटली ते वहीत लिहावे. तक्ते पाठ करणे पुढे ढकलले तरी चालेल. यानंतर ६/५, ६/५, ६/५ आणि ७/६ ही रचना स्वतः सोडवून पाहावी: ती सप्तकाच्या किती पुढे जाते आणि ३१ भागांत ८, ८, ८, ७ अशी का बसते, हे कागदावर काढता आले की पुढचे इंग्रजी लेखन वाचताना अडत नाही.