डबलबारीचा साउंड: कंप्रेसर-लिमिटर लावताना या चुका टाळा

कुडाळ-कणकवलीकडे डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या समोरासमोरच्या सामन्याला, साउंड लावायचा म्हणजे कसोटीच. बुवा आलाप घेताना माईकपासून लांब असतात, समोरच्या बुवांना कोडं घालताना आवाज खाली येतो आणि गजर सुरू झाला की तोंड थेट माईकला. एवढा चढउतार नुसत्या फेडरवर (मिक्सरची आवाजाची सरकपट्टी) सांभाळता येत नाही, मोठा आवाज आपोआप दाबणारा कंप्रेसर हवाच. पण तो आवाज वाढवायचं यंत्र आहे असं समजून लावला जातो, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

रेशो (किती दाबायचं ते प्रमाण) ४:१ ठेवला आणि आवाज थ्रेशोल्डच्या, म्हणजे दाबणं जिथून सुरू होतं त्या पातळीच्या, ८ डीबी वर गेला, तर बाहेर तो २ डीबीच वर निघतो. ६ डीबी कापले गेले. थ्रेशोल्डच्या खालच्या आवाजाला कंप्रेसर हातही लावत नाही. मग मेकअप गेन (दाबल्यावर आवाज परत वर उचलायचं बटण) ६ डीबी वाढवला, की खालचं सगळंच ६ डीबी वर येतं: पंख्याची घरघर, शेजारचा पखवाज, मॉनिटरमधून माईकमध्ये परत शिरणारा आवाज.

म्हणूनच ही नेहमीची तक्रार: बुवा गातात तोवर सगळं ठीक, ते थांबले की माईक शिट्टी मारतो. गाताना कंप्रेसर ६ डीबी दाबून धरतो. गाणं थांबलं, रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) पूर्ण झाला, की तो हात सोडतो आणि माईक पूर्ण गेनवर उघडा राहतो. अशा वेळी ईक्यू कापत बसू नका. आधी मेकअप गेन शून्यावर आणा आणि मॉनिटरला कंप्रेसरच्या आधीचा सिग्नल द्या; बऱ्याच डिजिटल मिक्सरवर ती सोय असते. गजरात ३ ते ६ डीबी कापले जातील एवढंच दाबा. बुवांनी आवाज चढवला तो लोकांना कळायला हवा, नाहीतर गजराला अर्थ काय?

दुसरी मोठी चूक म्हणजे एकच कंप्रेसर मास्टरवर टाकून मोकळं होणं. पखवाजाच्या कणीक लावलेल्या धुमावर (बेसच्या तोंडावर) थाप पडली की त्या बेसमुळे कंप्रेसर पूर्ण मिक्स दाबतो, आणि प्रत्येक थापेला बुवांचा शब्द खाली जातो. आवाज पंपासारखा वरखाली होतोय असं वाटलं तर कारण बहुधा हेच. गायकाच्या चॅनलला वेगळा कंप्रेसर लावा. मास्टरवर ठेवायचाच असेल तर साइडचेनला (ज्या सिग्नलवरून कंप्रेसर किती दाबायचं ते ठरवतो) १०० ते १५० हर्ट्झचा हायपास, म्हणजे खालचा बेस गाळणारा फिल्टर, द्या.

पखवाजावर अटॅक (कंप्रेसर दाबायला घेतो तो वेळ) १ मिलिसेकंद ठेवू नका, थापेची धारच जाते. २० ते ३० पासून सुरुवात करा आणि कानाने ठरवा.

लिमिटरचं काम वेगळं: ठरलेल्या रेषेच्या वर काही जाऊ द्यायचं नाही. पण मिक्सरवरच क्लिपचा लाल दिवा लागत असेल तर सिग्नल आधीच फाटलाय. पुढचा लिमिटर तो फाटलेलाच आवाज मर्यादेत ठेवून पुढे ढकलतो, आणि ट्वीटर उडतो. आधी गेन उतरवा. दुसरं, लिमिटरचा दिवा पूर्ण गजरभर लागून राहिला तर शिखरं कापली जातात, पण सरासरी पॉवर चढते आणि कॉइल तापत जाते. स्पीकर जळण्याचं कारण अनेकदा हेच असतं, विनाकारण बिचाऱ्या जनरेटरला दोष दिला जातो. लिमिटर बेतताना डब्यावरचा पीक वॅटचा मोठा आकडा धरू नका. ५०० वॅट कंटिन्युअस, ८ ओहमचा स्पीकर असेल तर लिमिटरची मर्यादा वॅट आणि ओहमच्या गुणाकाराचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ६३ व्होल्ट.

बारीचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणार असाल तर तिथे मोठेपणासाठी लिमिटर ठासून भरू नका. साधारण -१४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) वरचा आवाज यूट्यूब स्वतःच खाली आणतं, त्यामुळे पखवाज चेपलेला राहतो आणि मोठेपणा हाती लागत नाही. शिखर -१ डीबीवर थांबवा, बाकीचा चढउतार तसाच राहू द्या.