माळढोकाच्या माळावर काम सुरू करणाऱ्यांसाठी

नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या प्रजातींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे पहिले सांगणे असते की, प्राण्याच्या आधी त्याची जमीन समजून घ्या. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळावर काम करताना मला हेच सर्वाधिक उपयोगी पडले. माळढोकासाठी 1979 साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे मूळ क्षेत्र सुमारे 8,500 चौरस किलोमीटर होते आणि त्यात असंख्य गावे, शेते व रस्ते येत होते. पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. त्यामुळे येथे पक्षीनिरीक्षणाइतकेच महत्त्व गावनकाशे, सातबारा आणि पीकपद्धतीतील बदल वाचता येण्याला आहे. माळरानांची नोंद वर्षानुवर्षे 'पडीक' अशी होत राहिली. कुठे पाणी आल्यावर ऊस उभा राहिला, तर कुठे चांगल्या हेतूने झाडे लावली गेली. उघड्या गवताळ जमिनीवर झाडे लावणे हे माळढोकाच्या दृष्टीने अधिवास हिरावून घेणेच आहे, हे मी प्रत्येक नवागताला आवर्जून सांगतो.

या पक्ष्याचे जीवशास्त्रही नीट अभ्यासावे. मादी जमिनीवर, उघड्यावर, साधारणतः एकच अंडे घालते आणि एकटीच उबवते. प्रजननाचा वेग इतका मंद असल्यामुळे मोजक्या प्रौढ पक्ष्यांचा मृत्यूही संपूर्ण समूहाला परवडत नाही. नर 15 किलोपर्यंत भरतो, त्याला समोरचे फार थोडे दिसते आणि जड शरीरामुळे ऐन वेळी दिशा बदलता येत नाही, म्हणून विजेच्या तारा हा आज त्याच्यापुढील सर्वांत गंभीर धोका आहे. आज मोकळ्या निसर्गात 150 हून कमी माळढोक उरले असावेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. जैसलमेर जिल्ह्यात 2019 पासून त्यांचे बंदिस्त प्रजनन सुरू आहे.

पदव्युत्तर शिक्षणासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्या प्रवेशप्रक्रिया पाहाव्यात. अभयारण्यातील संशोधनाला वनविभागाची लेखी परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, तेव्हा अर्ज लवकर करावा. दरम्यान संख्याशास्त्र आणि उपग्रहचित्रांचे वाचन शिकून घ्यावे. मेंढपाळांशी ओळख वाढवावी. कोणत्या माळावर गवत कधी वाढते आणि कुत्र्यांचे कळप कुठे फिरतात, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

माळढोक दिसेल या अपेक्षेने नान्नजला येणाऱ्यांची बहुधा निराशा होते. तरीही पक्षी न दिसलेल्या फेरीची नोंद तारीख, वेळ आणि मार्गासह पूर्ण करावी, सोबत काळवीट, लांडगा आणि धाविक व भोवत्या या पक्ष्यांच्याही नोंदी घ्याव्यात. माळ अजून किती शाबूत आहे, हे वनविभागाला पटवून देताना याच नोंदी पुढे ठेवता येतात.