आपत्तीत घर गेलेल्या कुटुंबाला सणाची भेट देताना

सण दोन-तीन आठवड्यांवर आला की आमच्या गटातले फोन वाजू लागतात. "पुरात घरं गेलेल्यांसाठी काहीतरी करायचंय, काय पाठवू?" विचारणारी माणसं अगदी मनापासून विचारत असतात. आपत्तीनंतर येणाऱ्या मदतीची वर्गवारी करायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. आलेली खोकी उघडते आणि पुढे त्याच वस्तू घेऊन छावणीत किंवा तात्पुरत्या घरांत जाते. ही दोन्ही टोकं पाहून माझं एक मत पक्कं झालंय: घर गेलेल्या कुटुंबाचा सण आपण करायचा नसतो, तो त्यांना करता यावा एवढी तजवीज करायची असते. मुलांना आईवडिलांनी द्यावं, धाकट्यांना थोरल्यांनी द्यावं, आल्यागेल्याचं घरच्यांनी बघावं. छप्पर गेलं म्हणून माणसाचं कर्तेपण जात नाही.

म्हणून आधी विचारा आणि नेमकं विचारा. "काय हवंय तुम्हाला?" म्हटलं की बहुतेक जण "काही नको, सगळं मिळालंय" असं सांगून मोकळे होतात. अनोळखी माणसापुढे आपल्या गरजांचा पाढा वाचायला कुणाला आवडतं? त्यापेक्षा त्या कुटुंबाशी रोज संबंध येणाऱ्या माणसाला गाठा: छावणीचे व्यवस्थापक, मुलांचे शिक्षक, आरोग्य कार्यकर्ती, आपत्तीच्या आधीपासून त्या भागात काम करणारी संस्था. घरात माणसं किती आणि कोणत्या वयाची? सध्या राहतात कुठे: तंबूत, शाळेच्या वर्गात, भाड्याच्या खोलीत की नातेवाइकांकडे? शेगडी आहे का, वीज आहे का, दाराला कुलूप लागतं का? कपड्यांची आणि चपला-बुटांची मापं काय? आणि हमखास विसरला जाणारा प्रश्न: या घरात यंदा सण करणार आहेत का? जिथलं माणूस गेलंय तिथे रंगीत कागदात बांधलेली भेट घेऊन जाणं जिव्हारी लागू शकतं. त्या घरासाठी काही करायचं तर सणाचं नाव न काढता करा.

नातेवाइकांकडे आसरा घेतलेल्या कुटुंबांबद्दल मला वेगळं सांगायचंय, कारण ती छावणीच्या यादीत नसतात आणि मदतीतून सर्रास सुटतात. त्यांना ठेवून घेणारं घरही तितक्याच ओढाताणीत असतं. तिथे भेट द्यायची तर दोन्ही कुटुंबांना द्या. आलेल्या मुलांना नवे कपडे आणि घरच्या मुलांना काहीच नाही, असं झालं की कुरबुर सुरू होते, आणि तिची झळ शेवटी आसऱ्याला आलेल्यांनाच बसते.

आता पैशांबद्दल. पैसे द्यायला लोक कचरतात, कोरडं वाटतं म्हणतात. मला तर सणाला यापेक्षा चांगली भेट ठाऊक नाही. हातात रक्कम आली की आई स्वतः दुकानात जाते, मुलीला बरोबर नेते, दोन रंग समोर धरून त्यातला एक घेते. आपत्तीनंतर या कुटुंबांनी कितीतरी दिवस समोर येईल ते घेतलेलं असतं. निवडायची संधीच मिळालेली नसते. शिवाय त्या भागातले दुकानदारही त्याच आपत्तीतून सावरत असतात, त्यांचा गल्ला हलतो. वाहतूक लागत नाही, गोदाम लागत नाही. फक्त बाजार चालू हवा. दुकानं बंद असतील किंवा रस्ते तुटले असतील तर पैशांचा उपयोग नाही, तेव्हा वस्तूच पाठवाव्या लागतात. खरेदीचं कूपन देणार असाल तर ते दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आहे ना, कूपनाची मुदत कधी संपते आणि त्यावर काहीही घेता येतं की ठरावीक वस्तूच, एवढं आधी बघून घ्या.

संस्थेमार्फत पैसे देताना "फक्त खेळण्यांसाठीच वापरा" असली अट शक्यतो घालू नका. त्या आठवड्यात नेमकी अंथरुणांची निकड असू शकते. मोठ्या आपत्तीनंतर बनावट आवाहनंही फिरू लागतात, म्हणून निरोपातल्या लिंकवर बोट न ठेवता संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. कुणाच्या खासगी खात्यावर किंवा गिफ्ट कार्डाच्या रूपात पैसे मागितले तर थांबा.

वस्तूच द्यायच्या असतील तर न मागता पाठवलेल्या वस्तूंचं काय होतं ते माहीत असू द्या. १९९८ मध्ये मिच चक्रीवादळानंतर मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये कपड्यांचे इतके गठ्ठे येऊन पडले की धावपट्टी अडली आणि गरजेचा माल घेऊन आलेल्या विमानाला उतरता येईना. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या किनाऱ्यावर कपड्यांचे ढीग कुजत पडले होते. पाठवणाऱ्यांच्या भावनेत खोट नव्हती. पण प्रत्येक गठ्ठा कुणीतरी उचलायचा असतो, उघडायचा असतो, निवडायचा असतो, आणि ती माणसं तेव्हा दुसऱ्या कामांना हवी असतात.

खोकं भरताना एका खोक्यात एकाच प्रकारची वस्तू ठेवा. बाहेर दोन बाजूंना ठळक अक्षरांत लिहा: काय, कुणासाठी, कोणतं माप, किती नग. "मुलींचे स्वेटर, ८ ते १० वर्षं, १२ नग" असं लिहिलेलं खोकं आमच्या टेबलावर थांबतच नाही, थेट पुढे जातं. साबण, बाहुली, चादर आणि बिस्किटं एकत्र भरलेलं खोकं मात्र कोपऱ्यात पडून राहतं. कपडे नवे द्या. आतले कपडे आणि मोजे यांचा कायम तुटवडा असतो, कारण ते द्यायचं फारसं कुणाला सुचत नाही. बुटांच्या जोड्या नाडीने एकमेकांना बांधा, नाहीतर ढिगात एकेक बूट वेगळा होतो आणि दोन्ही फुकट जातात.

भेटीचा आकारही बघा. मानवतावादी मदतीची जी 'स्फिअर' मानकं जगभर वापरतात त्यांत निवाऱ्यासाठी माणशी किमान ३.५ चौरस मीटर जागा धरली आहे, म्हणजे साधारण ३८ चौरस फूट. हे किमान माप आहे आणि प्रत्यक्षात कित्येकांना तेवढीही जागा मिळत नाही. त्यात अंथरूण, भांडी, कपडे, औषधं सगळं आलं. मोठ्ठं टेडी बेअर किंवा तीनचाकी सायकल तिथे अडचणच होते. सामायिक हॉलमध्ये राहणाऱ्या मुलाला आवाज करणारं खेळणं दिलं तर रात्री त्याची आई शेजाऱ्यांची बोलणी खाते. पत्ते, रंगपेट्या, चेंडू, गोष्टींची पुस्तकं, सगळ्यांनी मिळून खेळायचे खेळ बरे. मोठ्यांसाठी कुलूप लागणारी छोटी पेटी द्या. तिचं मोल आपल्याला पटकन कळत नाही, पण चारचौघांत उघड्यावर संसार मांडलेल्या माणसाला स्वतःचं म्हणून काहीतरी बंद करून ठेवता येणं ही फार मोठी सोय असते.

लहान मुलांसाठी सगळेच आणतात, तेरा ते सतरा वर्षांची मुलं राहून जातात. त्यांना इअरफोन, मोबाइलचा रिचार्ज, चांगली पाठपिशवी, दाढीचं सामान, सॅनिटरी पॅड, केसांच्या वस्तू द्या. आणि आजी-आजोबांना केवळ ब्लँकेट देऊन थांबू नका. चष्मा हरवलाय का, कानाचं यंत्र चालतंय का, तेही विचारा.

मुलांच्या भेटी मुलांच्या हातात देऊ नका. त्या आईवडिलांना द्या, गाजावाजा न करता, न बांधलेल्या. आमच्या गटात आता ठरूनच गेलंय: एका बंद खोलीत वस्तू मांडायच्या, पालकांनी एकेक करून आत यायचं, आपल्या मुलांसाठी निवडायचं. दाराशी एक टेबल, त्यावर कागद, चिकटपट्टी, कात्र्या आणि कोऱ्या चिठ्ठ्या. एका वडिलांनी कंपासपेटी आणि चेंडू निवडला होता. कंपासपेटी झटकन बांधून झाली. चेंडू काही केल्या कागदात बसेना, कोपरे सुटत होते. त्यांनी कागद सोडवला, मोठा कापून घेतला, चेंडू मधोमध ठेवून वरून चुणी घातली आणि दोऱ्याने गाठ मारली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "द्या, मी करते." ते म्हणाले, "नको, माझं मी करतो." चिठ्ठीवर मुलाचं नाव घातलं, खाली "आई-बाबा" लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. देणाऱ्या संस्थेचं नाव त्या भेटीवर कुठेच नव्हतं. ते तसंच असायला हवं.

त्यामुळे फलक, रांगेतले फोटो, खोक्यावर दात्याचं नाव, मुलांकडून आभाराची पत्रं लिहून घेणं, यातलं काहीही करू नका.

पैसा कमी आणि वेळ हाताशी असेल, तर दोन भेटी सुचवते. पहिली फोटोंची. २०११ च्या जपानमधल्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनी चिखलात सापडलेले फोटो धुऊन घरच्यांना परत केले. फुजीफिल्म कंपनीनेही त्यासाठी मोहीम चालवली होती. तुमच्या ओळखीच्या कुटुंबाचे भिजलेले फोटो असतील तर चिकटलेले ओढून सोडवू नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवा, सुटतील तसे सुटू द्या. छापील बाजूला बोट न लावता पाण्यात हलकेच हलवून गाळ काढा आणि ती बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. लगेच जमणार नसेल तर मध्ये मेणकागद घालून फ्रीझरमध्ये ठेवा. फोटो पार गेलेलेच असतील तर नातेवाइकांकडच्या, मित्रांच्या मोबाइलमधल्या प्रती गोळा करून छापून द्या. फोटोत गेलेलं माणूस असेल तर आधी घरच्यांना विचारा, भेट म्हणून अचानक पुढे करू नका.

दुसरी भेट शेजाराची. जपानमधल्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ ला झालेल्या भूकंपानंतर वृद्ध आणि अपंगांना प्राधान्य देऊन, सोडत काढून तात्पुरती घरं दिली गेली. हेतू चांगलाच होता, पण जुने शेजार मोडले आणि त्या घरांत एकाकीपणे मरण पावणारे वृद्ध ही मोठी चिंता होऊन बसली. पांगलेल्या गल्लीतली माणसं कुठे कुठे आहेत ते शोधा, सणाला एक दुपार त्यांना एकत्र आणा, जाण्यायेण्याच्या भाड्याची सोय करा. कार्यक्रम, भाषण काही नको. बसायला जागा आणि चहा असला की पुरे, बोलायचं त्यांचं त्यांच्याकडे भरपूर असतं.

भेटी सणाच्या निदान आठवडाभर आधी पोचवा, म्हणजे कुटुंबाला तयारीला वेळ मिळतो. सणाच्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन उभे राहू नका.

आणि सगळी रक्कम एकदम संपवू नका. सणाच्या सुमारास मदतीचा ओघ वाढतो, नंतर आटतो. घर मात्र तेव्हाही उभं राहिलेलं नसतं. कधीकधी परिस्थिती आणखी बिघडते: जपानच्या नोटो द्वीपकल्पात १ जानेवारी २०२४ ला, ऐन नववर्षाच्या दिवशी भूकंप झाला, आणि त्यानंतर तिथल्या वाजिमा शहरात बांधलेल्या तात्पुरत्या घरांतच सप्टेंबरच्या अतिवृष्टीत पाणी शिरलं. म्हणून आधीची यादी पुन्हा वापरू नका, दर वेळी नव्याने विचारा. मी ओळखीच्यांना सांगते, निम्मी रक्कम आत्ता द्या आणि उरलेली तीन-चार महिन्यांनी. तोवर गरजा बदललेल्या असतात: भाड्याच्या घराची अनामत, कागदपत्रांच्या नकला, शिवणयंत्र, सुताराची हत्यारं, मुलांची शाळेची फी. संस्थांकडे तेव्हा अशी यादी तयार असते. फोन करून ती मागून घ्या.