काड्या घेतल्या, रबरबँड राहिले

दुसरीच्या वर्गावरचा माझा दशक-एककाचा तास फसला तो एका फालतू वस्तूपायी. चाळीस मुलं, दहा गट, सहाशे काड्या. काड्या आदल्या रात्री मोजून ठेवल्या होत्या, टोकं रंगवली होती, गटांचे डबेसुद्धा तयार होते. रबरबँड विसरले. म्हटलं काय बिघडतंय, दहा-दहाचे ढीग करू. मुलांनी केलेही. मग कुणाचं तरी कोपर लागलं, दोन ढिगांचा एक झाला, आणि उरलेला तास अख्खा वर्ग पुन्हा पुन्हा एक ते दहा मोजत बसला. शेवटी मी पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं. सात वर्षांच्या मुलांना काड्यांभोवती दोरा आवळून गाठ मारता येत नाही. मी एकटी गठ्ठे बांधत होते आणि घंटा झाली.

म्हणून हाताने करायच्या तासांना लागणाऱ्या साहित्याच्या यादीत पहिलं रबरबँड. काड्यांच्याही आधी.

हिशोब असा. गटाला साठ काड्या, म्हणजे सहा गठ्ठे, म्हणजे सहा रबरबँड आणि दोन जास्तीचे. दहा गटांना ऐंशी. शंभरापर्यंत जाणार असाल तर दहा गठ्ठ्यांचा एक मोठा भारा बांधायला जाड रबरबँड वेगळे. आणि प्रत्येक रबरबँड ताणून बघायचा, एकूण एक. खणात वर्षभर पडलेले रबरबँड दिसायला धड असतात, ताणले की तुकडा हातात येतो. तुटका रबरबँड म्हणजे न नेलेला रबरबँड.

एवढा घोष का, तर ढीग आणि गठ्ठा यांत सगळ्या धड्याचा फरक आहे. ढिगातल्या दहा काड्या दहाच राहतात. रबरबँड चढला की त्यांचा ‘एक’ होतो: एक दशक. मूल मग ‘दहा, वीस, तीस’ म्हणत गठ्ठ्यांवर बोट ठेवत जातं, आतल्या काड्या मोजत नाही. जिथे मोजणं थांबतं तिथे दशक सुरू होतो. तयार ठोकळे किंवा माळा असतील तर त्याही चांगल्या, पण त्यांची एक अडचण माहीत असू द्या. मारिया माँटेसोरींच्या सोनेरी मण्यांत दहा मणी तारेत ओवलेले असतात. तो दांडा मोडता येत नाही, देऊन बदल्यात दहा सुटे मणी घ्यावे लागतात. ही अदलाबदल मोठ्यांना सरळ वाटते, लहान मुलाला त्यात काहीतरी हातचलाखी दिसते. गठ्ठा त्याच्या डोळ्यांदेखत सुटतो. त्याच काड्या, कुठून आणल्या नाहीत, कुठे गेल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात तोच तास पुन्हा घेतला, या वेळी रबरबँड घेऊन. बेचाळीसमधून सतरा काढायचे होते. चार गठ्ठे, दोन सुट्या. दोनमधून सात जात नाहीत म्हणून एका मुलीने एक गठ्ठा सोडला आणि रबरबँड मनगटात घातला. बारा सुट्या झाल्या, सात बाजूला ठेवल्या, पाच उरल्या. तीन गठ्ठ्यांतला एक दिला. मग मनगटाकडे बघत म्हणाली, “बाई, हा परत लावायचा?” मी काही बोलायच्या आत तिनेच काड्यांकडे पाहिलं. “नाही. पाचच आहेत.” रबरबँड मनगटातच राहिला. पुढे फळ्यावरच्या उदाहरणात चारावर काट मारून तीन लिहिले तेव्हा तिने मनगट वर करून दाखवलं. ‘उसना घेतला’ म्हणून मी इतकी वर्षं जे सांगत आले ते यापेक्षा कमी सांगत होतं.

काड्या सारख्या लांबीच्या, टोकं बोथट. मणी किंवा बिया पहिलीला नकोत. नाकात जातात, कानात जातात, हे गमतीने सांगत नाही. घ्यायच्याच असतील तर मोठ्या घ्या आणि संपल्यावर मोजून परत.

आता संख्या कोणत्या निवडायच्या, हे घरी ठरवून या, वर्गात सुचेल ती देऊ नका. मराठीत आकड्यांची नावं हाच एक सापळा आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी. मूल ५२ लिहितं ते ऐकलेल्या क्रमाने लिहितं, निष्काळजीपणाने नाही. म्हणून आधी तीन गठ्ठे चार सुट्या असं रचून घ्या, मग ३४ लिहून घ्या, आणि ‘चौतीस’ हा शब्द सगळ्यांत शेवटी. क्रम उलटा केलात तर गोंधळ तुमचाच.

दुसरा सापळा एकोणतीस. मूल ‘तीस’ ऐकतं आणि तीन गठ्ठे उचलतं. उचलू द्या! तीन गठ्ठे मांडा, एकातला रबरबँड काढा, एक काडी उचलून बाजूला ठेवा. दोन गठ्ठे, नऊ सुट्या. तीसला एक उणी. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत हेच चालतं, आणि नव्व्याण्णवला नियम मोडतो, तेही त्यांनाच सापडू द्या. पण हे सगळं रबरबँड काढण्यावर उभं आहे. ढिगातून एक काडी उचलली तर काहीच घडत नाही, ढीग ढीगच राहतो. गठ्ठ्यातून एक उचलली तर गठ्ठा मोडतो, आणि मोडलेला दिसतो.

(रबरबँड पिशवीत टाकलेत का? आत्ता टाका. वाचून झाल्यावर नाही.)

सूचना आधी, साहित्य नंतर. डबा हातात पडला की कान बंद होतात. आणि पहिली पाच मिनिटं खेळायला द्या, अगदी काही न सांगता. घरं बांधतील, तारे करतील, रबरबँडची गलोल करून बघतील. ती गलोल याच पाच मिनिटांत होऊन जाऊ द्या. खेळू दिलं नाही तर तुम्ही दशक सांगत असताना होईल.

गट चौघांचे. पाचवं मूल बघ्या होतं. गठ्ठे कोण बांधणार, सुट्या कोण सांभाळणार, लिहिणार कोण, हे दर उदाहरणाला बदलायचं, नाहीतर एकच मूल तासभर काड्या हलवतं.

भाषेच्या तासाला अक्षरपत्ते. इथेही मी एकदा तोंडावर आपटले आहे, पण रबरबँडइतकी नाही. प्रत्येक अक्षराचा एकेक पत्ता केला होता. मुलांना पहिला शब्द सुचला ‘काका’. दुसरा ‘बाबा’. तिसरा ‘मामा’. एकही होईना, कारण दुसरा क नाही, दुसरा ब नाही, दुसरा म नाही. तेव्हा क, र, त, न, ल, स, म, ब, द यांचे गटाला चार-चार पत्ते, बाकीच्यांचे दोन पुरतात. ङ आणि ञ करूच नका, वर्णमाला पूर्ण व्हावी म्हणून केलेले हे दोन पत्ते शब्द जुळवताना नुसते पडून असतात. ण आणि ळ हवेत, पण ‘या अक्षराने सुरू होणारा शब्द सांगा’ या खेळातून दोघांना आधी काढून ठेवा. मराठी शब्द त्यांनी सुरू होत नाही, आणि मूल बिचारं डोकं खाजवत बसतं.

पत्त्यावर अक्षर लिहिताना शिरोरेघ पत्त्याच्या दोन्ही कडांपर्यंत ओढा. दोन मिलिमीटरसुद्धा आधी थांबवू नका. पत्ते शेजारी-शेजारी ठेवले की रेघ जुळते आणि अक्षरांचा शब्द होताना दिसतो. रेघ तुटली की मुलं लगेच पत्ता सरकवून जुळवतात, सांगावं लागत नाही. शिवाय पत्ता उलटा धरला आहे का, तेही रेघेवरून कळतं.

मात्रांचे वेगळे पत्ते करू नका. केले तर पहिली वेलांटी रडवते, कारण ‘कि’ म्हणताना क आधी ऐकू येतो आणि वेलांटी लिहायची त्याच्या आधी. मूल ती क-च्या नंतर ठेवतं, आणि कानाने बघितलं तर त्याचं बरोबरच आहे. मात्रा पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यांवर काढा. तुकडा अक्षरावर ठेवला की वेलांटी, उकार, मात्रा जिथल्या तिथे बसतात. मात्र प्रत्येक तुकड्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका द्या. पारदर्शक तुकडा पालथा पडला की पहिली वेलांटी दुसरी होते, आणि मग कोण बरोबर यावर भांडण. जोडाक्षरं या फेरीत नकोत. रफार तर नकोच.

पत्त्यांच्या गठ्ठ्यालाही रबरबँड लागतो हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. गटाचा एक संच, संचाला एक रबरबँड. सुटे पत्ते पिशवीत टाकलेत तर दहा संचांचा एक संच होतो आणि पुढच्या वेळी वेगळे करताना संध्याकाळ जाते.

टाळ्यांच्या खेळाला साहित्य लागत नाही म्हणून तो तयारीशिवाय घेतात. घेऊ नका. ‘कमळ’ला टाळ्या किती? लिहिताना अक्षरं तीन. म्हणताना जीभ क-मळ असे दोनच ठोके घेते. निम्मा वर्ग दोन वाजवतो, निम्मा तीन, आणि सगळे तुमच्याकडे बघतात. तुम्हाला आज कानावरचे ठोके हवेत की कागदावरची अक्षरं, ते आधी ठरवा, आणि ऐकण्याचाच खेळ असेल तर सुरुवातीला ‘मामा’, ‘काकी’, ‘पाटी’ असे वादच न होणारे शब्द घ्या.

अपूर्णांकाला कागदाच्या पट्ट्या. लांबी बारा सेंटिमीटर, दुसरी कुठलीही नको. बाराचे अर्धे सहा, तिसरा भाग चार, चौथा तीन, सहावा दोन, सगळं पूर्ण सेंटिमीटरात. दहाच्या पट्टीचे तीन भाग करायला सांगून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. अर्धा आणि पाव घडी घालून होतात, तिसऱ्या भागाला खुणा आधी करून द्या. सगळ्या पट्ट्या तंतोतंत सारख्या, नाहीतर एका मुलाचा पाव दुसऱ्याच्या पावापेक्षा मोठा निघतो आणि तुम्ही शिकवलेलं खोटं ठरतं. मोजपट्टीचं शून्य बऱ्याचदा कडेला नसतं, जरा आत असतं. एकदा दाखवा.

फासे डब्याच्या झाकणात टाकायचे, जमिनीवर नाही. आवाज कमी आणि शोधाशोधही कमी. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते, लवकर आटपलेल्या गटाला ते शोधायला लावा.

आणि एकदा तरी संपूर्ण कृती स्वतःच्या हाताने, घड्याळ लावून करून बघा. तुम्हाला तीन मिनिटं लागली तर मुलांना दहा धरा.

वही विसरू नका. काड्यांचं जे केलं ते चित्रात काढायचं, गठ्ठ्याला उभी रेघ, सुटीला ठिपका, आणि त्याखाली अंक. हे त्याच तासात. उद्यावर टाकलंत तर काड्या एकीकडे आणि गणित दुसरीकडे राहतं.

आवराआवरीला पाच मिनिटं राखून ठेवा. इथे पुन्हा रबरबँडच उपयोगी पडतो: सगळ्या काड्यांचे गठ्ठे बांधून डबा परत द्यायचा. सहा गठ्ठे म्हणजे साठ, बघता क्षणी हिशोब पुरा. पाच गठ्ठे आणि आठ सुट्या आल्या तर दोन काड्या बाकाखाली आहेत, शोधा.

बाकी फळा, खडू, नावांच्या चिठ्ठ्या, ते तुमचं तुम्ही बघालच. तपासणीची कोष्टकं वगैरे मी तासात भरत नाही, दोन मुलांची नावं हातावर लिहून आणते.

साहित्य कोरड्या जागी. रबरबँड गठ्ठ्यांवर चढवून सुट्टीभर ठेवू नका, चिकटतात आणि काडीचा रंग घेऊन निघतात. मी ते काढून वेगळ्या डबीत ठेवते, आणि डबी साहित्याच्या कपाटात नाही, माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात. ऐंशी आहेत. रात्री ताणून बघितले, तीन तुटले, तीन नवे घातले.