गावच्या क्रिकेट लीगला पंच कमी पडू नयेत म्हणून काय करावे?

कोकणात भातकापणी आटोपली की मळे मोकळे होतात आणि खेळपट्ट्या चोपायला सुरुवात होते. तिथून मेपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरूच असतात. चषक, मंडप, लाऊडस्पीकर सगळं महिनाभर आधी ठरतं. पंच मात्र सामन्याच्या सकाळी शोधतात. हाताला लागेल त्याला उभं करायचं, एका रनआऊटवरून चारचौघांत शिव्या घालायच्या आणि पुढच्या वर्षी पंच मिळत नाहीत म्हणून हळहळायचं. खेळ कळणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. मान राखला तर ती येतात.

आधी हिशेब मांडा. आठ संघ एकमेकांशी एकदा खेळले तर 28 सामने, वर दोन उपांत्य आणि एक अंतिम, म्हणजे 31. प्रत्येक सामन्याला दोन पंच. दिवसाला चार सामने असतील आणि एका पंचाला दोनपेक्षा जास्त सामने द्यायचे नसतील (उन्हात देऊही नयेत), तर रोज चार माणसं लागतात. लग्नसराई आणि आजारपण धरून यादीत आठ नावं हवीत.

नावं कुठून आणायची? प्रवेश फी घेतानाच प्रत्येक संघाकडून एक पंच लिहून घ्या. तो स्वतःच्या संघाच्या किंवा वाडीच्या सामन्यात उभा राहणार नाही, हे तिथेच ठरवा. तटस्थ पंचांचं महत्त्व मोठ्या क्रिकेटलाही उशिराच पटलं. 1986 मध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडिज लाहोर कसोटीला भारताचे व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर उभे राहिले, तेव्हा त्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं. खेळणं थांबवलेले जुने खेळाडू, शाळेतले क्रीडाशिक्षक आणि स्कोअर लिहिणारी मुलं-मुली यांनाही विचारा. नवी मुंबईच्या वृंदा राठी आधी स्कोअरर होत्या. जानेवारी 2023 मध्ये रणजी करंडकात पंच म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन महिलांपैकी त्या एक.

एक संध्याकाळ मैदानावर सराव घ्या. नियम तोंडी सांगून भागत नाही, खेळपट्टीवर उभं करून दाखवावं लागतं. सगळ्यात जास्त भांडणं रनआऊटवर होतात, म्हणून निम्मा वेळ त्यालाच द्या. बॉलरकडच्या पंचाने चेंडू मारला गेला की लगेच बाजूला धावायचं, रेघ (क्रीज) आडवी दिसेल असं थांबायचं आणि स्टंपवरची बेल उडताना पाय स्थिर ठेवायचे. धावता धावता दिलेला निर्णय हमखास चुकतो. बॅट रेघेवर असेल तर बाद. रेघेच्या आत टेकलेली हवी. हे अनेक जुन्या खेळाडूंनाही माहीत नसतं. फक्की दुपारपर्यंत पुसली जाते, तेव्हा दर डावाआधी रेघ पुन्हा मारून घ्या. चेंडू मोजायला खिशात सहा खडे ठेवायचे आणि प्रत्येक चेंडूनंतर एक दुसऱ्या खिशात टाकायचा. अपील झाल्याशिवाय बाद द्यायचं नाही, हेही पक्कं करून घ्या.

नियमांचा एकच कागद काढा आणि सगळ्या कॅप्टनच्या सह्या घ्या. एलबीडब्ल्यू नसेल तर तसं लिहा. वाईडच्या रेघा कुठे, कमरेवरच्या फुलटॉसला काय, हे लिहा. टेनिस बॉलमध्ये खरं दुखणं फेकीचं, म्हणजे कोपरातून हात सरळ करत चेंडू फेकण्याचं असतं. पहिल्यांदा नो बॉल आणि ताकीद, पुन्हा फेकला तर त्या डावात बॉलिंग बंद, असं ठेवा. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या लंडनच्या एमसीसी क्लबच्या नियमातही तेच आहे. मोबाईलवरचं चित्रण बघून निर्णय फिरवायचा की नाही, तेही आधीच ठरलेलं हवं. माझं मत विचाराल तर फिरवू नये. एका कोपऱ्यातून धरलेल्या कॅमेऱ्यात रेघ धड दिसत नाही.

पंचाला सांभाळा. ही पायरी बहुतेक मंडळं गाळतात. मानधन प्रवेश फीतूनच बाजूला काढा आणि त्याच संध्याकाळी हातात द्या. पाणी, नाश्ता, सावलीत खुर्ची यात कसूर नको. निर्णयाबद्दल फक्त कॅप्टनने विचारायचं, तेही एकदाच. शिवी दिली तर तो खेळाडू पुढच्या सामन्यात बाहेर, मग तो सरपंचांचा पुतण्या का असेना. माईकवरच्या समालोचकालाही बजावून ठेवा. “पंचांचा हा निर्णय जरा...” एवढं त्याने म्हटलं की अख्खं मैदान पेटतं.

इतकं करूनही ऐनवेळी एकच पंच उरला, तर त्याने दोन्ही टोकांना बॉलरच्या बाजूने उभं राहावं. स्क्वेअर लेगला, म्हणजे बॅट्समनच्या बाजूला दुसरा पंच उभा राहतो तिथे, बॅटिंग करणाऱ्या संघाचा माणूस द्या आणि त्याने तिथल्या रनआऊट-स्टंपिंगपुरतंच बोलावं.

हंगाम संपल्यावर ज्याला गोडी लागली असेल त्याला राज्य संघटनेच्या पंच परीक्षेला बसवा, आणि परीक्षेची फी मंडळाने भरावी.