वैशाखातच करायची गिझरची तयारी

एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात गिझरची कुणाला आठवण येत नाही. पारा चाळिशीकडे सरकलेला असतो, गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापते आणि दुपारी नळ सोडला तर पहिला तांब्या अंगावर घेववत नाही. म्हणूनच गिझरचं सगळं काम याच दिवसांत काढावं, असं माझं ठाम मत आहे. दोन दिवस तो भिंतीवरून खाली आला तरी कुणाचं अडत नाही. वायरमन आणि प्लंबर सांगितल्या दिवशी येतात. हेच काम मृगाच्या झडीत किंवा नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी निघालं की मिळेल तो माणूस आणि मिळेल तो पार्ट यावर भागवावं लागतं. पाणी आणि वीज एकाच भिंतीवर असताना ती घाई मला नको वाटते.

माणूस बोलवायच्या आधी घरच्या घरी अर्ध्या तासाचं काम आहे. स्टुलावर चढून गिझरच्या अंगावरचं स्टिकर वाचा. किती लिटर, किती वॅट, कुठल्या साली बनलेला, टाकी किती बारचा दाब सोसते, हे सगळं त्यावर असतं. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. बिल आणि वॉरंटी कार्ड शोधा. बहुतेक कंपन्या कॉइलला वेगळी आणि टाकीला जास्त वर्षांची वॉरंटी देतात, आणि कार्ड नसल्यामुळे लोक ती सोडून देतात. गिझरला जाणारं गार पाणी बंद करायचा कॉक कुठे आहे तो फिरवून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐनवेळी जाम निघतो आणि मग गच्चीवरचाच व्हॉल्व्ह बंद करायला पळावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: घरात पाणी कुठलं आहे? महापालिकेच्या नळाला येणारं नदीचं किंवा धरणाचं पाणी तसं सौम्य. पण उपनगरांतल्या कितीतरी अपार्टमेंटमध्ये वापरायला बोअरचंच पाणी असतं, आणि नळाच्या जाळीवर पांढरा थर बसत असेल तर तसाच थर गिझरच्या पोटात बसतोय हे धरून चाला. जड पाण्यातले क्षार गार असताना विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते सुटतात आणि सगळ्यात गरम जागेवर, म्हणजे कॉइलवर, चिकटतात. तो थर चढला की कॉइलची उष्णता पाण्यात लवकर उतरत नाही. कॉइल आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस उडते. गिझर चालू केल्यावर आतून तडतड किंवा खदखद आवाज यायला लागला तर तो या थराचाच असतो.

गेल्या वर्षी आमचा १५ लिटरचा गिझर मी समोर उभं राहून उघडून घेतला. खालचं झाकण काढल्यावर आधी तांबूस पाणी आलं, मग पितांबरीच्या डब्याच्या तळाशी बसावी तशी भुकटी, आणि शेवटी खपल्या. चुन्याच्या भिंतीच्या असाव्यात तशा, करंगळीच्या नखाएवढ्या. अर्धी बादली भरली. कॉइलचा वेटोळा दिसतच नव्हता, पांढऱ्या कणसासारखा झाला होता. सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात, म्हणजे आपल्या लिंबूसत्वाच्या, तासभर बुडवून ठेवल्यावर फेस येऊन थर सुटला आणि खालून तांबं दिसलं. आजी बंब चिंचेने घासायची, तेच काम. कॉइल स्क्रू ड्रायव्हरने खरवडू मात्र देऊ नका, वरचं आवरण फाटतं.

त्याच झाकणाला एक कांडी असते, मॅग्नेशियमची. तिला ॲनोड म्हणतात. बऱ्याच जणांना ती आहे हेच माहीत नसतं. टाकीच्या पोलादाला गंज लागायच्या ऐवजी ही कांडी झिजते, तेवढ्यासाठीच ती बसवलेली असते. ती संपली की गंज टाकीला लागतो. आमच्याकडे नुसती तार उरली होती. बोअरच्या पाण्यावर दरवर्षी ती बघा आणि बारीक झाली असेल तर बदला. गिझर उघडलाच आहे तर झाकणाखालचं रबरी गॅस्केटही नवंच घाला. जुनं परत बसवलं की हमखास पाझरतं. ही दोन्ही सामानं मॉडेल सांगून आधीच आणून ठेवली की काम एका फेरीत होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. गार पाण्याच्या नळीला, गिझरच्या तोंडाशी, एक छोटा पितळी व्हॉल्व्ह असतो. त्याला बाजूला एक नखाएवढी तोटी असते. गिझर चालू असताना तिथून थेंब थेंब पाणी पडतं. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की साधारण २०० मिलिलीटरनं वाढतं, म्हणजे पेलाभर. ते पाणी मागे परत जाऊ नये म्हणून आत झडप असते, तेव्हा वाढलेल्या पाण्याला बाहेर पडायला ही एकच वाट. आमच्याकडे आलेल्या एका प्लंबरने ती वाट बंद करून टाकली होती. "वहिनी, गळत हुतं म्हणून बूच मारलंय बघा, आता थेंब यायचा न्हाई," असं त्याने अभिमानाने सांगितलं आणि मीही त्याला चहा दिला. आठ महिने तो गिझर तसाच चालला. दुसऱ्या एका म्हाताऱ्या वायरमनच्या नजरेला ते पडलं तेव्हा त्याने आधी मेन स्विच बंद केला आणि मगच बोलायला लागला. ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा थर्मोस्टॅट चिकटला असता आणि पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा कटऑफही चालला नसता, तर कोंडलेल्या वाफेला टाकी फोडण्याशिवाय मार्ग नव्हता. त्या आठ महिन्यांत माझी दोन्ही मुलं रोज त्याच्याखाली आंघोळ करत होती.

म्हणून आजच बाथरूममध्ये जाऊन बघा. त्या तोटीला बूच, टेप, एम-सील, काहीही लावलेलं असेल तर गिझर वापरायचा थांबवा आणि व्हॉल्व्ह बदलून घ्या. पाणी तापताना थेंब पडणं बरोबर आहे. गिझर बंद असतानाही धार लागलेली असेल तर मात्र व्हॉल्व्ह खराब आहे किंवा प्रेशर पंपामुळे दाब जास्त आहे. थेंब अंगावर पडू नयेत म्हणून तोटीला बारीक नळी जोडून ती मोरीकडे सोडा. तिचं दुसरं टोक उघडं राहिलं पाहिजे.

विजेचं काम वायरमनकडूनच करून घ्या, पण काय विचारायचं ते आपल्याला ठाऊक हवं. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग आणि स्वतःची वेगळी लाइन लागते, वायर २.५ स्क्वेअर एमएमची. ३००० वॅटच्या इन्स्टंट गिझरला ४ स्क्वेअर एमएमची घ्या. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. पंधरा मिनिटं गिझर चालवून, स्विच बंद करून प्लगला हात लावा. चांगलाच गरम लागला किंवा पिनेजवळ काळपट डाग दिसला तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. नळाला ओला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या असतील तर त्या क्षणापासून गिझर बंद. आपल्या पेठांमधल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थिंगची वायर कुठेच गेलेली नसते. वायरमनला मीटर लावून अर्थिंग दाखवायला सांगा, नुसतं "आहे की" चालणार नाही. आणि वीज कुठे गळायला लागली की लाइन लगेच तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला नसेल तर आता बसवा. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं असतं. संध्याकाळी वळीव उठला, विजा कडाडायला लागल्या की गिझरचा स्विच बंद ठेवायची सवय घरात सगळ्यांना लावा.

गॅस गिझर असेल तर बाकी यादी बाजूला ठेवून आधी तो कुठे बसवलाय ते बघा. बाथरूमच्या आत असेल तर बाहेर काढा. यात तडजोड नाही. बंद जागेत ज्वाळेला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग गुंगी येते आणि कडीपर्यंत हात पोहोचत नाही. गिझर बाहेर, वारा खेळता असलेल्या जागी, आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप. ज्वाळ निळी हवी, पिवळी झाली तर बर्नर साफ करायला झालाय. गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की ती बदला.

सोलरवाल्यांची तयारी थोडी वेगळी. उन्हाळ्यात पाणी वापरलं जात नाही आणि टाकीत उकळत राहतं, त्यामुळे वरच्या व्हेंट पाइपमधून वाफ निघते. तो पाइप मोकळा आहे ना बघा आणि काही काचेच्या नळ्यांवर जुनं पोतं टाका. नळ्या कोरड्या पडल्या असतील तर भर दुपारी गार पाणी सोडू नका, तडकतील; पहाटे भरा. आणि पावसाळ्यात आपल्याकडे कितीतरी दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा सगळी मदार बॅकअपच्या कॉइलवर असते. ती वर्षभर झोपलेली असते. मे महिन्यातच एकदा चालू करून पाणी तापतंय का बघा.

दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? कॉइल, थर्मोस्टॅट, कटऑफ, व्हॉल्व्ह, गॅस्केट, वायर यातलं काहीही गेलं असेल तर दुरुस्त करा, स्वस्तात होतं. टाकीच पाझरत असेल, किंवा फक्त गरम नळालाच सतत तांबडं पाणी येत असेल, तर पैसे दुरुस्तीत घालू नका. टाकीला वेल्डिंग मारून देणारे भेटतात, पण त्या उष्णतेनं आतला काचेचा मुलामा उडतो आणि गंज शेजारून सुरू होतो. नवा घेताना आपल्या हवेचा विचार करा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २५ अंशांवर असताना ६० अंशांच्या १५ लिटर गरम पाण्यात गार मिसळून ४० अंशांचं साधारण ३५ लिटर पाणी होतं. म्हणजे जवळजवळ दोन बादल्या. उन्हाळ्यात टाकीचंच पाणी ३२ ला असेल तर तेच ५० लिटरच्या वर जातं. बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराला १५ लिटर पुरतो. २५ लिटरचा घ्या म्हणून दुकानदार भरीस घालतो, ते शॉवर असेल तरच ऐका. थर्मोस्टॅट एरवी ५५-६० वर ठेवा. शेवटपर्यंत फिरवून ठेवला की क्षार जास्त बसतात आणि वीजही जास्त जाते. उंच इमारतीत किंवा प्रेशर पंप असेल तर ८ बारची टाकी मागा. वीजबचत दाखवणारे बीईईचे तारे बघा: जास्त तारे म्हणजे तापलेलं पाणी उशिरा गार होतं.

भिंतीचंही बघायचं राहतं. भरलेला १५ लिटरचा गिझर २५ किलोच्या आसपास भरतो. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठेतल्या दगड-मातीच्या भिंतीत फास्टनर ठोकला की आतली माती ढासळते आणि बोल्ट हलायला लागतो. अशा भिंतीवर नुसत्या बोल्टवर भरवसा ठेवू नका. उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून अँगलचा ब्रॅकेट करून घ्या, दगडात पकडेल असा.

पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक करावं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ती खूण भिंतीवर आहेच. नवा सॉकेट आणि गिझर तिच्या वर घ्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की गिझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला त्याच्या लाइनचा स्विच, पाडा आणि प्लग काढून ठेवा. पाणी ओसरल्यावर वायरमनने उघडून वाळवून तपासल्याशिवाय चालू करू नका.

कामाच्या दिवशी एक मोठी बादली, जुनी चादर, टॉर्च आणि टेफ्लॉन टेप हाताशी ठेवा. आदल्या रात्रीपासून गिझर बंद असावा, म्हणजे आतलं पाणी कोमट होतं. झाकण बसवल्यावर आधी गार पाण्याचा कॉक उघडा, मग गरम नळ सोडा. सुरुवातीला फुसफुस हवा येईल, मग तुटक धार, मग सलग धार. ती सलग धार मिनिटभर वाहू द्या, गॅस्केटभोवती कोरडं बोट फिरवून बघा, आणि मगच स्विच लावा. टाकी रिकामी असताना स्विच लावला तर नवी कॉइल दोन-चार मिनिटांत जळते. सगळं झालं की पक्क्या शाईच्या मार्करने गिझरच्या खालच्या बाजूला तारीख लिहा: सफाई कधी, कांडी कधी, गॅस्केट कधी. आमच्या गिझरवर आता दोन ओळी झाल्यात.